टेस्टिंगचं गाणं

पौडच्या बाजारात रमजानला रमजान म्हणून हाक मारली तर तो वळेलच याची खात्री नाही, पण 'मन्तशावाले' म्हटलं की चालता चालता थांबतो. पोरगी झाली त्याच वर्षी त्याने पहिले दोन स्पीकर घेतले आणि पेंटरला चहा पाजून त्यांवर लाल अक्षरांत तिच्या नावाने 'मन्तशा साऊंड, पौड' असं लिहून घेतलं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, कीर्तन असो की उरूस, मन्तशा साऊंडवाचून मुळशीत पान हलत नाही, असं निदान रमजानचं तरी म्हणणं.

पण अल्लाची मर्जी बघा, जिच्या नावाचे स्पीकरचे डबे अख्ख्या तालुक्यात घुमतात, त्या पोरीचा स्वतःचा आवाज त्या डब्यांतून कधी आलाच नव्हता. चौथीत असताना शाळेच्या संमेलनात मन्तशा कविता म्हणायला माइकसमोर उभी राहिली, नुसते ओठ हलवले आणि रडत खाली उतरली. साऊंड बापाचाच होता. हेडमास्तर हसत म्हणाले होते, "दिव्याखाली अंधार!" पोरगी आता कॉलेजात गेली, हेडमास्तर रिटायर झाले, पण ते हसणं रमजानच्या कानातून काही गेलं नाही.

मन्तशाला नाद कोरियन गाण्यांचा. गाणी ऐकून ऐकून, मोबाइलवर बघून बघून तिने ती भाषाही बरीचशी शिकून घेतली होती. वर्ष सरत आलं की यंदाची आपली लाडकी सोलो गाणी कोणती, यावर ती मैत्रिणींशी तासन्‌तास वाद घालायची. रमजानला त्यातलं काही कळत नसे. यंदा मात्र डिसेंबरात एका दुपारी तो गोडाऊनमध्ये वायरी तपासत असताना तिने आपला फोन मिक्सरला जोडला.

"अब्बा, एक गाणं आपल्या बॉक्सवर ऐकायचंय. यंदाचं माझं एक नंबर."

"कोण हाय ही?"

"दोरान. आधी पाच जणींच्या ग्रुपमदी व्हती. आता सोलो हाय, एकटीच गाती."

"भांडण झालं आसंल."

"अब्बा!"

"आगं, बँड सोडणारा मानूस भांडूनच सोडतो. आपल्याकडं बघ की, धाकटा भाऊ निघाला की लगेच नावाम्होरं 'न्यू' लावतो अन् शेजारीच दुकान टाकतो. हिनं लावलं का न्यू?"

मन्तशाने गाणं सुरू केलं. ना ढोल, ना धडधड. आधी एक श्वास ऐकू आला, मग एकच आवाज, मागे कुठलंतरी तंतुवाद्य. शेवटाकडे गायिका अचानक थांबली आणि तिने कुणाला तरी हाक मारली. रमजानच्या हातातली वायर खाली पडली.

"अब्बा म्हणली!"

"अप्पा म्हणली. कोरियनमदी बापाला अप्पा म्हणत्यात."

"माझं कान गेलं का काय? चांगली अब्बा म्हणली. आन् नाव काय म्हणालीस, दोरान? आपल्यात रेहान आस्तो, इम्रान आस्तो, तशी ही दोरान. शहनाज, ए शहनाज! हिकडं ये. कोरियातबी आपली मान्सं हायेत!"

त्याची बायको शहनाज पिठाच्या हातांनी दारात आली, गाणं संपेपर्यंत उभी राहिली, "ग्वाड गाती पोरगी" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत गेली.

"तुमचा बेस लई हाय, म्हणून 'प'चा 'ब' व्हतोय," मन्तशा हसत म्हणाली. "बेस उतरवा, मग ऐका."

"मन्तशा साऊंडचा बेस कुणासाठी उतरत न्हाई," रमजान म्हणाला. ते मात्र खरं होतं. बेसवरून त्याने भल्याभल्या नवरदेवांशी हुज्जत घातली होती.

मग मन्तशाने खरी गोष्ट सांगितली. पुण्यातल्या कोरियन गाण्यांच्या चाहत्यांचा एक क्लब होता. रविवारी भूगावच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ते यंदाचं सगळ्यांत लाडकं सोलो गाणं निवडणार होते. ज्याने गाणं सुचवलं त्याने माइकवर येऊन त्या गाण्याच्या बाजूने बोलायचं, मग गाणं वाजवायचं, मग हात वर. मन्तशाने दोरानचं गाणं सुचवलं होतं.

"बोलावं लागंल," ती नखं कुरतडत म्हणाली.

"मग बोल की, त्यात काय," असं रमजान सहज म्हणाल्यासारखं म्हणाला आणि पाठ फिरवून वायर गुंडाळू लागला.

रविवारी साऊंड अर्थातच मन्तशा साऊंडचा. रमजानने टेम्पोत मावतील तेवढे डबे भरले. क्लबची प्रमुख शुभांगी, आयटीत काम करणारी हसतमुख मुलगी, ते बघून गडबडलीच. "काका, एवढे बॉक्स? हॉल केवढासा आहे!"

"ऱ्हाऊ द्या ताई. घरचं कार्य हाय," रमजान म्हणाला.

हॉल पोरापोरींनी गच्च भरला. एकेक जण येऊन बोलू लागला, निम्मं हिंदी, निम्मं इंग्लिश, सगळं फडाफडा. गाणी दणक्याची होती. पोरं उठून नाचत होती आणि क्लबहाऊसच्या काचा थरथरत होत्या. रमजानला बरं वाटायला हवं होतं, पण त्याचं लक्ष दुसऱ्या रांगेत कागदाची सुरळी करत बसलेल्या पोरीवर होतं.

मन्तशाचं नाव पुकारलं. ती उठली, माइकसमोर आली. पाठ केलेलं पहिलं वाक्य तिने म्हटलं, तेही हिंदी-इंग्लिशचं कडबोळं. दुसऱ्याला अडली. परत पहिलंच म्हणायला गेली आणि तेही आठवेना. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. रमजानला डोळ्यांसमोर चौथीतली पोर दिसली, ओठ हलवणारी.

आता साऊंडवाल्याची एक खोड असते. माइकवर माणूस गप्प झाला की त्याला वाटतं, माइकच बंद पडला. आयुष्यभर मुरलेली खोड ती, वेळ बघत नाही. रमजानने मिक्सरजवळचा आपला माइक उचलला आणि भरल्या हॉलमध्ये, सगळ्या डब्यांतून, पूर्ण बेससकट त्याचा आवाज घुमला. "हॅलो, हॅलो. आवाज येतोय. बोल गं बाळा, बिनघोर बोल."

हॉल खो खो हसला. रमजानला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीचं नाक आपणच कापलं, आता ती उतरते की काय, म्हणून त्याने मान खाली घातली.

पण माइकमधून हसण्याचा आवाज आला. मन्तशाच हसत होती.

"ह्ये माझे अब्बा," ती म्हणाली. "बॉक्सवर जे नाव लिवलंय ना, ती मी. मला तुमच्यासारखं बोलता येत न्हाई, मी आमच्या पौडचंच बोलते. ह्या गाण्यात शेवटाला एक हाक हाय. अब्बांचं म्हणणं, ती 'अब्बा' म्हणती, म्हंजी दोरान आमच्यातली हाय."

पुन्हा हसू उसळलं, पण या वेळी ते तिच्या बाजूचं होतं.

"दोरान ग्रुपमदी व्हती तवा तिच्या वाट्याला गाण्यातली एखादीच वळ यायची. बाकी येळ ती मागं उभी. यंदा ती पयल्यांदा एकटी गायली. तिनंच सांगितलंय, तिचा बाप तिच्या एकाबी कार्यक्रमाला आला न्हाई. म्हणून तिनं अख्ख्या गाण्यात त्याला एकदाच हाक मारलीया. माझा बाप तर हितं मिक्सरवर बसलाय, तरी माझी बोबडी वळली. ती कशी गायली आसंल बघा. बाकीच्या गाण्यांवर नाचा, मीबी नाचते. ह्ये गाणं तेवढं गप बसून ऐका. लावा, अब्बा."

रमजानने गाणं लावलं. बटण दिसत नव्हतं, डोळे भरले होते, पण बोटांना जागा ठाऊक होती. आपल्या डब्यांतून आपल्या पोरीचा आवाज येऊन गेला होता, स्पष्ट, खणखणीत, कुठे कर्र नाही की शिट्टी नाही. एवढा अभिमान त्याला पहिला टेम्पो घेतला तेव्हाही वाटला नव्हता. हाक आली तेव्हा निम्मा हॉल 'अब्बा' म्हणून ओरडला, निम्मा 'अप्पा'.

हात वर झाले. पहिलं आलं एक नाचाचं गाणं, दोरान दुसरी. मन्तशा टाळ्या वाजवत होती. रमजान मात्र मान उंचावून पुटपुटत होता की मागच्या रांगेतले हात कुणी मोजलेच नाहीत.

डबे टेम्पोत चढवताना क्लबमधल्या दोघी-तिघी जवळ आल्या. "तुम्ही मन्तशाचे अब्बा ना?" त्यांनी विचारलं. मन्तशावाले म्हणून त्याला सारा तालुका ओळखत होता, पण असं कुणी आजवर विचारलं नव्हतं. "व्हय, मीच," तो म्हणाला, आणि पुढे काही सुचेना म्हणून उगाच त्यांना टेम्पोतले डबे दाखवू लागला.

त्याच आठवड्यात कोळवणला त्याचा जुना दोस्त नथू याच्या घरी हळद होती. नथूची थोरली लेक किमया दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढणार होती. मांडव घातला होता, नथू तोरण बांधत होता. साऊंडच्या टेस्टिंगला रमजान वर्षानुवर्षं एकच जुनी कव्वाली लावायचा. आज त्याने दोरान लावली.

"ह्ये कुठलं रं गाणं, रमजान?"

"कोरियातलं. यंदाचं एक नंबर सोलो गाणं. माझ्या पोरीनं निवडलंय." दुसऱ्या नंबरचा विषय रमजानच्या लेखी कधीच मिटला होता.

गाणं पुढे सरकलं आणि हाक आली. नथूचा हात तोरणावरच थांबला.

"अब्बा म्हणती बघ," रमजान अभिमानाने म्हणाला.

"अब्बा न्हाई," नथू म्हणाला. "अप्पा म्हणती ती. माझी किमी आशीच हाक मारती मला. रानात आसलो तरी हितनं वरडती." घरातून बायकांच्या हळदीच्या गाण्यात मिसळलेलं किमयाचं हसू ऐकू येत होतं. नथू तिकडे बघत राहिला. "उद्यापास्नं..." एवढं म्हणून त्याने तोरणाची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली.

एरवी रमजानने वाद घातला असता. आज त्याने हात पुढे केला, बेसचं बटण हळूच खाली उतरवलं आणि गाणं परत मागे घेतलं. या वेळी हाक आली ती त्यालाही स्वच्छ ऐकू आली. त्याची पोरगी बरोबर बोलली होती.

"अप्पाच म्हणती," तो म्हणाला. "परत लावू?"

"लाव," नथूने उपरण्याने डोळे पुसले. "आन् आवाज वाढीव जरा. आत किमीला ऐकू जाऊ दे."

रमजानने आवाज वाढवला.