रविवारचं गाणं

निघोज्यातल्या सोसायटीचा संगीत महोत्सव तोंडावर आला होता आणि धनेशला अन्न गोड लागत नव्हतं. वर्षभरात त्याने रविवार बघून ठेवलेला प्रत्येक कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला होता. भावगीतांना तर मांडववालाच दाद देत बसला होता. या खेपेला गर्दी जमली नाही, तर पुढच्या वर्षी समिती थेट डीजे आणणार होती.

"लोकांना गाणंच नको झालंय," तो बायकोला म्हणाला.

स्वतःचा कंपनीचा डबा भरता भरता विजयश्री म्हणाली, "रविवारी सुट्टी तुमच्या बँकेला. इथल्या कंपन्या गुरुवारी बंद असतात. मी तरी आले का एकदा?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही माइक तपासत होता."

दर गुरुवारी ती घरी असते, हे त्याला ठाऊक होतं. फक्त कार्यक्रम ठरवताना ते कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याने लगेच महोत्सवात गाणाऱ्या आळंदीच्या गायिकेला फोन लावला.

"ताई, रविवारऐवजी गुरुवारी जमेल?"

"गुरुवारी माझा गाण्याचा क्लास असतो," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलांना घेऊन आले तर चालेल?"

"चालेल की," धनेश म्हणाला, आणि फोन ठेवताच त्याला खुर्च्या पुरतील का याचा घोर लागला.