तीनदा विसळलेला ट्रे

मित्रांनो, हसू नका हं, पण माझ्यात आजवर कुणी चहाचे कप ठेवले नाहीत. मी एक जुना पांढरा ट्रे आहे आणि माझ्यात ठेवतात किडे. जिवंत, वळवळणारे किडे!

थांबा, नीट सांगतो. कारखान्यात मला पत्र्यातून ठोकून काढलं, वर पांढरंशुभ्र इनॅमल चढवून भट्टीत भाजलं, आणि दुकानात मांडल्या मांडल्या ताईंनी मला उचललं. ताई ओढ्यांची तब्येत तपासतात. डॉक्टर कशी नाडी बघतात, तशा ताई पाण्यातले किडे बघतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळी धरायची, समोरचे दगड पायाने ढवळायचे, जाळीत येईल ते माझ्यात ओतायचं. मी पांढरा, त्यामुळे केसाएवढी अळीसुद्धा माझ्यावर लपत नाही!

"बाटलीतलं पाणी फक्त आजचं सांगतं," ताई म्हणायच्या, "हे किडे वर्षभराचं सांगतात."

सगळ्यात मानाची दोन शेपट्यांची अळी. एवढीशी, पण नखरा केवढा! पाणी जरा घाण झालं की ही गायब.

पहिल्याच वर्षी ताई शेवाळावरून घसरल्या, मी दगडावर आपटलो आणि माझी एक कड आत वळली. कोपऱ्यात छोटा खिसाच झाला. जीप चालवणारे काका म्हणाले, "आता हा भंगारात."

"काका, तुमचा दात पडला तेव्हा तुम्हाला टाकलं का आम्ही?" ताई म्हणाल्या. झालं, मी राहिलो. किती वर्षं फिरलो म्हणून सांगू!

आणि मग तो दिवस आला. कापड रंगवायच्या कारखान्याचं पाणी जिथे ओढ्यात पडतं, त्याच्या खाली एक वस्ती आहे. तिथल्या पोरांच्या अंगाला सारखी खाज. घाण पाणी शुद्ध करायचा प्लांट बसवायचा की नाही, हे ताईंच्या रिपोर्टवर ठरणार होतं. सकाळी आम्ही वरचा स्वच्छ ओढा तपासला, मग खाली आलो. आभाळ भरून आलं होतं, सगळी घाई. आणि खालच्या घाण पाण्यात, माझ्यात, दोन शेपट्यांच्या दोन अळ्या!

"काका, पाणी सुधारलंय हो!" ताई अक्षरशः नाचल्या. दुपारीच रिपोर्ट पालिकेत गेला. पाणी चांगलं, प्लांटची गरज नाही. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ताई घरच्या नळाखाली मला घासत होत्या. त्यांचं बोट माझ्या खिशात गेलं. बाहेर आली आणखी एक अळी. दोन शेपट्यांची, मेलेली.

ताईंनी नळ बंद केला. माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना मला तीनदा विसळायचं, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी घाईत एकदाच विसळलं होतं. वरच्या ओढ्याच्या अळ्या माझ्या खिशात बसून खाली आल्या होत्या! मित्रांनो, पत्र्याला लाज वाटत नाही असं कोण म्हणतं?

ताईंनी फोन लावला. "काका, उद्या परत जायचंय. चूक झाली."

"अहो ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

दुसऱ्या दिवशी मला तीनदा विसळलं, खिशातून ब्रश फिरवला आणि पुन्हा खालचं पाणी तपासलं. लाल किडे निघाले, घाणीत राहणारे. बाकी काही नाही. ताई तशाच ओल्या बुटांनी पालिकेत गेल्या, मला काखेत मारून. मोठे साहेब वैतागले. "काल चांगलं, आज वाईट? चेष्टा आहे का?"

"चेष्टा नाही, साहेब. ट्रे मी नीट धुतला नव्हता. माझी चूक." सगळ्यांसमोर त्यांनी माझा वाकडा कोपरा दाखवला. लोक हसले. बरोबर आलेल्या काकांनी मात्र मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मी होतो तिथे. मीही घाई केली." काय माणसं हो ही!

प्लांट बसला. वर्षं गेली. माझं इनॅमल उडालं, ताईंना चष्मा लागला, नवे हलके प्लास्टिकचे ट्रे आले. मी कपाटावर पडून असतो. पण त्या खालच्या जागेला जायचं झालं की ताई मलाच काढतात.

गेल्या खेपेला जाळी माझ्यात रिकामी केली आणि माझ्या अंगावरून काहीतरी चालत गेलं. दोन शेपट्या! काका ओरडलेच, "ताई, बघा!"

ताई नाचल्या नाहीत. त्यांनी अळी हळूच पाण्यात सोडली, मला तीनदा विसळलं, कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि पुन्हा जाळी धरली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी वाकडा, जुना सोबती असेल. त्याला टाकू नका, पण नीट धुवा. कारण तीनदा धुतल्यावर दुसऱ्या जाळीतूनही माझ्यात दोन शेपट्यांची अळी आली, आणि या वेळी ती खरोखर तिथलीच होती.