वरचं पातं

आबांनी धनुष्याची मूठ खुंटाच्या बेचक्यात अडकवली आणि दोरी हळूहळू ओढली. लाकडाची दोन्ही पाती वाकू लागली. त्यांची लेक संगीता चार पावलं मागे उभी राहून तो बाक न्याहाळत होती.

"धारूरला आता फायबरची मिळत्यात," तिचा भाऊ नाथा शेळ्या सोडता सोडता म्हणाला. "हे कोण घेणार?"

"तुजी बायको," आबा म्हणाले. "तुज्यावर धरायला."

आबा गोल पात्यांची धनुष्यं करत नसत. ती हाताला झटका देतात म्हणायचे. त्यांची पाती चपटी, मुठीजवळ रुंद, टोकांकडे निमुळती आणि शेवटी जराशी बाहेर वळलेली. घरात एक रीत होती. धनुष्य पुरं झालं, हे करणाऱ्यानं म्हणायचं नाही. समोर उभ्या माणसानं म्हणायचं. मग करणारा ते एकदा कानापर्यंत ताणून बघतो.

"झालं का गं?"

दोन्ही पाती सारखीच वाकली होती. पण तेवढ्यानंच आबांना धाप लागली होती, आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्याची बादलीही उचलू नका म्हणून बजावलं होतं.

"वरचं पातं ताठ हाय अजून," संगीता म्हणाली.

आबांनी वरच्या पात्यावरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत आणि परत मुठीपर्यंत. मग तिच्याकडे पाहिलं.

"लई बारीक नजर हाय तुजी." त्यांनी दोरी उतरवली. "उद्या खरवडू."

पहाटे ते उठले नाहीत.

तिरडी बांधून झाल्यावर नाथानं धनुष्य बाहेर आणलं.

"हे त्यांच्यासंगं जाऊ द्या."

"न्हाई," आई म्हणाली. "अर्धं काम कावून देतो संगं? तिकडंबी खरवडत बसतील."

माणसं खोळंबली होती. नाथा धनुष्य परत टांगायला वळला.

"दोरी चढव," संगीता म्हणाली.

"आता?"

"चढव. बेचक्यात धर अन् ओढ."

त्यानं आईकडे पाहिलं. मग त्यानं दोरी चढवली, ओढली. रात्रभर वाळलेलं लाकूड करकरलं, तसे जवळ उभे असलेले शेजारचे आप्पाराव मागे सरले.

"मोडंल, ताई," नाथा म्हणाला.

"ओढ."

दोरी काल आबांनी आणली होती तिथवर आली. नाथानं पाय रोवून ती तिथंच धरली. संगीता कालच्याच जागी उभी होती, पण पात्यांकडे पाहत नव्हती. तिरडीकडे वळून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"झालं, आबा. कालच झालतं."