ट्रे सोडून कापडावर

मित्रांनो, मी एक म्हातारा बोका आहे, आणि इथे गयावया करायला आलेलो नाही. ताईच्या कापडांवर मी मुतलो, हे अगदी खरे आहे. पण माझी बाजू ऐकल्याशिवाय नाके मुरडू नका.

माझा जन्म एका कापडदुकानाच्या माळ्यावर झाला. तिथून ताईने मला चिंध्यांच्या पिशवीत घालून घरी आणले. ताई बाहेरच्या खोलीत कपडे शिवते. तिच्या गठ्ठ्यांना एकाही उंदराचा दात लागला नाही, तो माझ्यामुळे. "बटण्या आहे म्हणून माझा धंदा आहे," असे ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, आणि मी रुबाबात मिशा साफ करत बसायचो. माझा वाळूचा ट्रे मागच्या शांत कोपऱ्यात असे. तो मी कधीही चुकवला नाही.

मग एक दिवस कुणा गिऱ्हाईक बाईंनी नाकाला रुमाल लावला. झाले! ताईने माझा ट्रे उचलून थेट कपडे धुण्याच्या मशीनशेजारी नेला. वर झाकण बसवले, आत सुगंधी वाळू भरली आणि रोज तो फिनेलने घासायचा सपाटा लावला. आत पाय टाकला की नाक झोंबायचे. जरा बूड टेकवावे, तर शेजारचे मशीन गडगडायचे. तुम्ही बसला असता का तिथे? मी अस्तराच्या मऊ, कोरड्या गठ्ठ्यावर बसलो. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढे पुढे लघवी करताना आग होऊ लागली. ट्रे नुसता दिसला तरी मी मागे फिरायचो. मी खोलीभर जागा शोधत फिरायचो, बसायचो, उठायचो. ताईचा नवरा नळदुरुस्तीची कामे करतो. गावभरच्या तुंबलेल्या नळ्या त्याला पाहताक्षणी कळतात. माझे दुखणे मात्र कळले नाही.

"हा मुद्दाम करतोय. डूख धरलाय त्याने," तो म्हणाला. "मासळी बाजारात सोडून येतो याला."

"सोडा मग," ताई म्हणाली. "मी थकले आता."

मित्रांनो, ते ऐकून मला फार वाईट वाटले. त्याहून जास्त राग आला.

तो टोपली घेऊन आला, तेव्हा मी पळालो नाही. टेबलावर एका नवरीच्या झग्याचे पांढरे कापड पसरले होते. त्यावर उडी मारली आणि दोघांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलो. जीव खाऊन जोर केला. पडले जेमतेम दोन थेंब.

"बघ, बघ! तोंडावर करतोय!"

ताईने कापड ओढले आणि सवयीने आधी स्वतःचे बोट पाहिले. कापडावर लाल ठिपका दिसला, की तिला सुई टोचलेली असते. बोट धड होते.

"अहो, हे रक्त आहे," ती म्हणाली. "आणि माझं नाहीये."

नवऱ्याने माझ्या पोटाला हलकेच हात लावला. ते दगडासारखे झाले होते. त्याचा चेहरा उतरला.

"अगं, हा तुंबलाय! चल, चल लवकर!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून मला मोकळे केले. "उद्यापर्यंत थांबला असतात, तर हा वाचला नसता," त्या म्हणाल्या. मग ट्रे कुठे ठेवता, कशाने धुता, असे एकेक विचारत गेल्या. ताईची मान खाली गेली.

तेव्हा ऐका. तुमचे मांजर ट्रेबाहेर बसले, तर छडी शोधू नका. आधी तो ट्रे स्वतः हुंगा, आणि मांजराला डॉक्टरांकडे न्या. आम्ही खोड्या काढत नसतो. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला दिसेल अशा जागी बसतो.

घरी आल्यावर ताई मला छातीशी धरून रडली. "चुकलं रे माझं," म्हणाली. मी अंग सोडवून घेतले आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. जवळ गेलो, पण माझ्या मनाला आले तेव्हा.