जुन्या पानांवरचा नंबर

चिमी ज्या ऑफिसात कामाला होती, तिथे लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देण्याचं काम चाले. चिमी हे खरं तर घरातलं नाव, पण कुणीतरी ते एकदा फोनवर ऐकलं आणि तेव्हापासून ऑफिसातही तेच चिकटलं. त्या आठवड्यात तिच्याकडे शिलाई मशीन विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची साइट आली. मालकीणबाई स्वतः येऊन तिच्यासमोर बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवून सुरूच झाल्या.

"लोक साइट बघतात म्हणे. मग फोन का करत नाहीत? दुरुस्तीचे फोन तर बंदच पडलेत. येतो तो एका गृहस्थांचा. रोज नवं मशीन, रोज नवं दुखणं! काल दोरा तुटत होता, आज पट्टा घसरतोय. घर आहे की कारखाना, देव जाणे. मशीन घेऊन या म्हटलं की बघतो म्हणतात आणि फोन ठेवतात."

"चेष्टा करत असतील कुणीतरी."

"चेष्टा करणारा माणूस एवढे आभार मानत नाही गं."

मालकीणबाई गेल्यावर तिने साइटवर क्रॉलर सोडला. क्रॉलर म्हणजे साइटच्या एकेका पानावर जाऊन ते वाचून काढणारा प्रोग्राम. पानाचं शीर्षक, लिंका असलं ठरावीक सामान तो आपणहून गोळा करतो. त्याहून वेगळं काही हवं असेल, तर पानावर ते कसं ओळखायचं याचा नियम त्याला लिहून द्यावा लागतो. चिमीने फोन नंबर उचलायचा नियम लिहिला. दुकानाचा नंबर सगळीकडे एकच असला की सर्च इंजिनाचा दुकानावर भरवसा बसतो, आणि गडबड तिथेच असावी असा तिचा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. नव्या पानांवर दुकानाचा नंबर होता. पण 'दोरा सारखा का तुटतो', 'मशीन जड का चालतं' असल्या जुन्या लेखांवर भलताच नंबर निघाला, आणि सर्चमध्ये सगळ्यात वर नेमके हेच लेख येत होते. हा नंबर कुणाचा म्हणून तिने आपल्या मोबाइलवरून तो लावला.

स्क्रीनवर तिनेच सेव्ह केलेलं नाव उमटलं: बाबा, नवा.

तिने घाईघाईने फोन कापला. चुकून भलतीकडे बोट लागलं असणार. एकेक आकडा बघत तिने नंबर पुन्हा लावला. बाबा, नवा. आपल्या नियमात काही घोळ झाला का? आपल्याच कॉम्प्युटरवरून काहीतरी उचललं गेलं का? तिने नियम तपासला, क्रॉलर पुन्हा चालवला, शेवटी लेखाचं पान स्वतः उघडून खाली गेली. तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं: दुरुस्तीसाठी संपर्क. आणि खाली तिच्या वडिलांचा नंबर.

तिने ऑफिसच्या फोनवरून तोच नंबर लावला.

"नमस्कार, दुरुस्ती विभाग," पलीकडून बाबांचा आवाज आला. असा खणखणीत आवाज त्यांनी निवृत्तीनंतर घरात कधी काढला नव्हता. "बोला, काय त्रास देतंय?"

चिमीने फोन ठेवला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई भाजी निवडत होती. "बाबा कुठायत?" असं विचारल्यावर आईने आतल्या खोलीकडे मान वळवली. "ड्यूटीवर. फोन वाजला की शर्ट चढवून आत जातात. मला वाटलं, कुठे नोकरी धरली की काय."

बाबा बाहेर आले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. सुईत दोरा ओवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"मी काही केलेलं नाही," ते आधी म्हणाले आणि मग खुर्चीत बसले. "नवा नंबर घेतला तेव्हापासून फोन येतायत. राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचो. मग एका बाईंचा आला. मुलीचा नाटकाचा झगा अर्धा शिवलेला, मशीन अडलेलं, आणि त्या रडायलाच लागल्या. आता रडणाऱ्या माणसाला राँग नंबर कसं म्हणायचं? म्हटलं, वायर काढा, जरा थांबा, परत लावा. चालू झालं!"

"आणि पायाचं मशीन असेल तर?"

"तेल घाला म्हणतो. फारच अवघड असलं, तर तासाभराने फोन करा म्हणून सांगतो आणि घरच्या फोनवरून दुकानाला विचारून घेतो. बाई हुशार आहेत तिथल्या, पण चिडतात फार."

"म्हणजे दुकानाचा नंबर तुमच्याकडे होता?"

"होता की."

"मग लोकांना तो का नाही दिलात?"

"द्यायचो सुरुवातीला," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "मग राहून जायला लागलं."

रागवावं की हसावं हे चिमीला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंना सगळं सांगितलं. तो नंबर त्यांचाच जुना निघाला. दुकानाने तो सोडून दिला होता, कंपनीने तो बाबांना दिला, आणि जुन्या पानांवर तो तसाच राहून गेला. मालकीणबाईंनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी माझ्याच गिऱ्हाइकांना सल्ला देत होते? तुझ्या वडिलांमार्फत?"

"हो."

"मग त्यांच्यावर ओरडत कशाला होते?"

तिने सगळ्या पानांवरचा नंबर बदलला. बाबांनी "काढून टाक, तुझं काम आहे ते," एवढंच म्हटलं. त्यांचा फोन हळूहळू गप्प झाला. इकडे दुकानाचा वाजू लागला, आणि मालकीणबाईंचा निरोप आला: त्या गृहस्थांना घेऊन ये, मला बघायचंय त्यांना.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चिमीबरोबर गेले. दोघांनी आधी एकमेकांना चाचरत नमस्कार केला. मग मालकीणबाईंनी एक मशीन उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. बाबा चष्मा वर-खाली करत कितीतरी वेळ आत बघत राहिले. हे काय, ते कशाला, असं विचारत राहिले. पट्टा बाहेरच्या चाकावर असतो हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर ते चौकात थांबून म्हणाले, "चिमे, मी लोकांना निम्मं चुकीचंच सांगत होतो गं. पट्टा आत असतो, मागचं झाकण उघडा, असं सांगायचो."

"पण मशीनं सुरू झाली ना त्यांची?"

"झाली तर. परत फोन करून सांगायचे." बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तेच तर मला कळत नाहीये."