गुरुवारची फेरी

"त्या गुरुवारी माझ्या आईला सख्ख्या बहिणीचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, ते तुमच्यामुळे," ताई म्हणाली. "आमची मोठी गाडी तुम्ही काढून घेतलीत. का घेतली ते सांगितलं नाहीत, परत कधी देणार तेही नाही. ज्यांना बसची पायरी चढता येत नाही त्यांनी घरात बसून कुजावं, एवढंच तुमच्या मनात असेल तर तसं तोंडावर सांगा."

बोलून झाल्यावर तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आईच्या चाकांच्या खुर्चीच्या दोन पायपट्ट्या त्या पिशवीतून बाहेर डोकावत होत्या. खालच्या लिफ्टमध्ये खुर्ची मावेना, तेव्हा पट्ट्या काढून तिरकी करून ती आत घालावी लागली होती. आई तशा अवघडल्या अवस्थेतही म्हणाली होती, "न चालणाऱ्यांच्या गाड्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट ही काडेपेटी. साहेबांची खुर्ची कशी नेली असेल गं वर? तुकडे करून?" ड्रायव्हर एवढा हसला होता की त्याच्या हातातला खुर्चीचा दांडा सुटता सुटता राहिला.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. आता तो टोपी गुडघ्यावर ठेवून दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसला होता. आई टेबलापासून थोडी दूर, खोलीच्या मधोमध होती. इस्त्रीचे कपडे घालून आली होती. पायपट्ट्या नसल्यामुळे तिचे पाय अधांतरी लोंबत होते, आणि सुजलेल्या घोट्यांवर मोज्यांचे काठ रुतले होते. वर आल्यावर पट्ट्या परत बसवायच्या राहून गेल्या होत्या. ताईच्या ते लक्षात आलं होतं, पण तोवर बोलणं सुरू झालं होतं. मध्येच वाकून पट्ट्या बसवायला गेलं तर बोलण्याची धार जाईल, असं तिला वाटलं.

साहेब वयाने लहान होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं.

"ताई, मला खरंच वाईट वाटतं," ते म्हणाले.

"वाईट वाटून गाडी चालत नाही."

मामा दाराजवळून हुंकारला. बरोबर आहे, अशा अर्थाचा हुंकार.

ताईचं केंद्र म्हणजे एक खोली, एक टेलिफोन, भिंतीवर शहराचा नकाशा आणि ताई. ज्याला घराबाहेर पडायचं त्याने आदल्या दिवशी फोन करायचा. मग कोणाला कोणाबरोबर न्यायचं, कोणाला उतरवून कोणाला उचलायचं, कोणाच्या गल्लीत गाडी वळत नाही, हे सगळं ताई डोक्यात जुळवायची. मोठ्या गाडीला मागच्या दारात खालीवर होणारा पाट होता. त्यावर खुर्ची ढकलली की माणूस खुर्चीसकट वर. तिच्यात तीन खुर्च्या उभ्या राहायच्या. लहान गाडीलाही पाट होता, पण तिच्यात खुर्ची एकच. मोठी गेल्यापासून रोज कोणाची तरी फेरी कापावी लागत होती.

आणि कोणाची कापायची, याचं ताईचं एक शास्त्र होतं. ते तिने कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुणी विचारलं असतं तर कबूलही केलं नसतं. "आज गाडी नाही हो" म्हटल्यावर जो फोनवर "बरं बरं, असू दे" म्हणतो, त्याची फेरी कापायची. जो ओरडतो, वरपर्यंत जाईन म्हणतो, बघून घेईन म्हणतो, त्याच्या दारात गाडी वेळेच्या आधी उभी. मऊ आवाजाची माणसं तिला पाठ होती. त्यांची नावं आठवली की तिला हायसं वाटायचं. दुकानदाराला उधार न मागणारं गिऱ्हाईक आठवलं की वाटतं, तसं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची, आणि तेवढ्यात पुढचा फोन वाजायचा.

सगळ्यांत मऊ आवाज घरातच होता.

"तुमचं काय म्हणणं आहे, आजी?" साहेबांनी आईकडे वळून विचारलं.

"माझं म्हणणं हिने मांडलं," आई म्हणाली. "मला एकच विचारायचंय. बोलू ना?"

"बोला ना."

"तुम्ही त्या दिवशी सकाळी फोन केलात, म्हातारीची फेरी रद्द करा म्हणून. तेव्हा म्हातारी कुठे निघालीय, हे विचारलंत का? नाही, रागावून नाही विचारत. तुम्हाला कामं असतात. पण विचारलंत का?"

साहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"मी फोन केला? आजी, फेऱ्या आम्ही रद्द करत नाही. कोणाला न्यायचं, कोणाला नाही, ते केंद्राचं काम."

"गाडी काढलीत म्हणजे फेऱ्या काढल्यातच की," ताई घाईने म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हात तुमचा नसेल, पण काम तुमचंच."

आईने मान हलवली. तिला ते पटलं असावं. मुलीचं सगळंच तिला पटायचं.

गुरुवारी सकाळी ताईने केंद्रातून घरी फोन लावला, तेव्हा आई तयार होऊन उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर एक लहान मऊ उशी होती, बहिणीच्या मानेखाली ठेवायला. मावशीला डॉक्टरांनी घरी पाठवून दिलं होतं, आता इथे ठेवून काही उपयोग नाही म्हणून. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. आईची हाडं अशी झाली होती की तिला खुर्चीतून उचलून मोटारीत कोंबणं म्हणजे काहीतरी मोडणं. जायचं तर पाटाच्या गाडीनेच.

"वरून फोन आला गं," ताईने सांगितलं होतं. "तुझी फेरी रद्द करा म्हणाले. माझ्या हातात काही नाही."

"अगं, असू दे," आई म्हणाली होती. "उद्या जाऊ. उशी कुठे पळून जातेय."

संध्याकाळी मावशीच्या मुलाचा फोन आला. तो रडत होता, पण आई रडली नाही. तिने फक्त उशी कपाटात ठेवायला सांगितली. त्यानंतर ती वरच्या माणसांवर रागावली. जन्मात पहिल्यांदा कोणावर तरी रागावली आणि त्या रागाने तिला जेवण जाऊ लागलं, झोप येऊ लागली. तो राग काढून घ्यायची ताईची छाती झाली नाही. उलट तिने तो वाढवला. रोज थोडं सरपण घातलं. शेवटी आईच म्हणाली, मला घेऊन चल त्या ऑफिसात, मी सांगते माझ्या तोंडाने.

साहेब खुर्चीत मागे रेलले.

"मी खरं सांगतो, तुम्हाला राग येईल," ते म्हणाले. "मोठ्या गाड्या कमी होत्या. एका केंद्राकडून एक उचलायची होती. बाकीच्या केंद्रांतून रोज भांडणं. माणसं इथे येऊन दारात बसायची. तुमच्या केंद्राकडून कधी चकार शब्द नाही. तुम्ही कधी फोनसुद्धा केला नाहीत. आम्हाला वाटलं, यांचं भागतंय."

ताईने तोंड उघडलं.

"म्हणजे आम्ही गप्प बसलो म्हणून?" मामाने दाराजवळून विचारलं.

"असं म्हटलं तरी चालेल," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते ऐकायला बरं वाटलं नाही. "ज्यांच्याकडून नेली तर कमी गोंधळ होईल, तिथून नेली."

ताईच्या मांडीवरच्या पिशवीत पट्ट्या एकमेकींवर आपटून खणकन वाजल्या. तिने त्यांवर हात ठेवला. हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं. शब्दसुद्धा ओळखीचे होते. टेलिफोनच्या अलीकडे बसून मनातल्या मनात ती रोज हेच बोलत होती, फक्त इतकं मोठ्याने नाही.

तिचं गप्प होणं मामाला बघवेना. त्याला वाटलं, साहेबांनी आपल्या ताईला गप्प केलं. तो उठून उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत धरून.

"साहेब, मी बोलतो. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू दे. तुम्हाला वाटत असेल, ही बाई घरच्या माणसासाठी भांडायला आलीय."

"मामा, राहू दे," ताई म्हणाली.

"नाही, ऐकू दे त्यांना. साहेब, त्या गुरुवारी एका लहान गाडीवर आम्ही सगळा कारभार रेटला. रक्त बदलायला जाणाऱ्यांना नेलं. त्या पाठीचं दुखणं असलेल्या मुलीला परीक्षेला नेलं. आमचे एक मास्तर आहेत, पाय गेलेत पण जीभ शाबूत आहे, त्यांना केस कापायला नेलं. बाहेरच्या एकाही माणसाची फेरी चुकली नाही. कापली ती एकच, आणि ती या बाईने स्वतःच्या आईची कापली. स्वतःच्या हाताने."

"मामा."

"मी म्हटलं होतं हो तिला. म्हटलं, मास्तरांचे केस उद्या कापू, एका दिवसात काय वेणी घालायची पाळी येणार आहे? आईला नेऊ आधी, पेशंटकडे जायचंय. तर म्हणाली, नको मामा, मास्तर ओरडतील, वर तक्रार करतील. आई काही बोलणार नाही. असं माणूस आहे हे, साहेब. अशा माणसाची गाडी नेलीत तुम्ही."

तो बसला. त्याचे डोळे भरून आले होते, अभिमानाने.

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग टेबलावरच्या काचेखाली काहीतरी शोधत असल्यासारखं ते खाली बघत राहिले. तरुण असले तरी मूर्ख नव्हते. त्यांना हवं असतं तर ते तिथेच हात झटकू शकले असते. त्यांनी ते केलं नाही.

"सोमवारी मोठी गाडी तुमच्याकडे परत येईल," ते म्हणाले. "मी बघतो."

"येईल की बघता?" मामाने विचारलं.

"येईल."

मामाने मांडीवर थाप मारली. ताईने नमस्कार केला, की नुसतेच हात हलवले, तिचं तिलाच कळलं नाही. आई आपल्या लोंबत्या पायांकडे बघत होती.

बाहेर लिफ्टसमोरच्या बोळात मामा म्हणाला, "मी गाडी अगदी दाराला लावतो, मग वर येतो आणि आजींना तिरकं करू," आणि तो शीळ घालत जिन्याने खाली गेला. शीळ बराच वेळ ऐकू येत होती. त्याने आज मोठं काम केलं होतं.

ताई खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. पिशवीतून तिने एक पट्टी काढली आणि खुर्चीच्या नळीत बसवायला लागली.

"आता कशाला लावतेस?" आई म्हणाली. "लिफ्टमध्ये परत काढायच्याच आहेत."

"तोवर तरी पाय टेकतील."

"मघापासून लोंबतायत."

खुंटी भोकात बसेना. रोज बसवायची ती पट्टी, डोळे झाकून बसवायची, आज डावी उजवी कळेना. तिने आईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पाय थंड होता आणि वाटला होता त्याहून जड.

"आई, मी तुला सांगणार होते."

"मास्तरांचे केस चांगले कापले का?" आईने विचारलं.

आवाज नेहमीचाच होता. भाजी ताजी होती का, असं विचारताना असतो तसा. ताईने वर पाहिलं नाही.

"हो."

"कुरकुर नाही ना केली त्यांनी?"

"नाही."

"बरं."

ती "बरं" म्हणाली आणि ताईच्या हातातून पट्टी निसटून फरशीवर पडली. आवाज बोळभर झाला. पलीकडच्या खोलीतून कोणीतरी डोकं काढून बघितलं आणि परत आत गेलं. ताईने पट्टी उचलली नाही. मांडीवरच्या पायाचा मोजा ती सारखा करत राहिली, तो सारखाच होता तरी.

"इतके दिवस मी त्या पोराला शिव्या घालत होते," आई म्हणाली. "मनातल्या मनात. काय काय बोलले मी त्याला. आणि आज बघितलं तर केवढासा आहे."

"माझं चुकलं."

"ते राहू दे. चुकलं ते मला दिसतंय." आईने खाली वाकायचा प्रयत्न केला, पण तिचा हात मुलीच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, तिने तो खुर्चीच्या दांड्यावर परत ठेवला. "मी दुसरंच विचारतेय. त्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा मी असू दे म्हटलं. तसं म्हटलं नसतं, आणि मास्तरांसारखी ओरडले असते, शेजारीपाजारी गोळा केले असते, तर नेलं असतंस?"

लिफ्ट वर आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. थोडा वेळ थांबून ते आपोआप मिटलं.

"इकडे बघ," आई म्हणाली. "नेलं असतंस का?"