दोन ते चार

आमच्या औषधांच्या गोदामात एकशे बारा यंत्रं आहेत आणि ती जागेवर आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. माझा सर्व्हर दर मिनिटाला प्रत्येकाला पिंग पाठवतो, म्हणजे नुसतं "आहेस का?" एवढंच विचारतो. "आहे" आलं की पडद्यावर हिरवा ठिपका. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की ठिपका लाल आणि माझ्या फोनवर मेसेज.

यादीत एकशे तेरावं यंत्र मी गुपचूप घुसडलं होतं: आईच्या घरातला राऊटर. आई एकटी राहायची. गुडघे धरलेले, हट्ट मात्र धडधाकट. दिवसातून दोनदा फोन केला तरी खेकसायची, "मी काय पळून जाणार आहे?" म्हणून हा चोरटा उपाय. यादीत त्याचं नाव मी "आई" असंच ठेवलं.

पहिल्याच दिवशी दुपारी दोनला मेसेज आला, "आई: उत्तर नाही." मी लगेच फोन लावला.

"अगं, आडवी होण्याआधी त्या इंटरनेटच्या डबड्याचं बटण बंद केलं," आई म्हणाली. "दिवसभर तापतं ते. त्यालाही जरा पाठ टेकू दे की."

चारला ती उठली, बटण लावलं. "आई: उत्तर सुरू." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी भर बैठकीत माझा फोन केकाटला, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, ही आई आपल्या कुठल्या मजल्यावर आहे?" सगळे फिदीफिदी हसले. मी चिडले आणि आमच्या धंद्यातला जो तो करतो तेच केलं. रोजची कटकट गप्प करून टाकली. दोन ते चार, आईचे मेसेज बंद.

दोन महिन्यांनी तो मंगळवार आला. दिवसभर ठिपका हिरवागार. संध्याकाळी सहाला शेजारच्या काकूंचा फोन आला. आई सकाळीच न्हाणीघरात पडली होती. डॉक्टर म्हणाले, "तीन वाजेपर्यंत तरी जीव असावा."

त्या दिवशी दोन वाजता राऊटर बंद करायला कुणी उठलंच नव्हतं. तो बिचारा "आहे, आहे" म्हणत राहिला. मेसेज चालू असते, तर आज दोनचा आला कसा नाही, हे मला खटकलं असतं. खटकलंच असतं! मी घरी धावले असते. हे मी कुणाजवळ बोलले नाही, भावाजवळसुद्धा नाही.

तो घर बंद करायच्या मागे होता. मी म्हटलं, महिनाभर वीज राहू दे. मग मेसेज परत सुरू केले आणि एक नवा नियम घातला: दोन वाजून दहा मिनिटांनीही ठिपका हिरवा असला तर मला कळव. उशिरा सुचलेलं शहाणपण. रोज दोन-दहाला मेसेज यायचा, "आई: अजून जागी." मी जिन्यात जाऊन तो वाचायची आणि भिंतीला टेकून रडायची. साहेब एकदा बाजूने खाली उतरून गेले.

महिना संपायच्या आदल्या दिवशी मी दोन-दहाची वाट बघत जिन्यात उभी होते. दोन वाजून चार मिनिटांनीच फोन वाजला.

"आई: उत्तर नाही."

मी काकूंना फोन लावला. "वीज आहे गं, माझा पंखा फिरतोय," त्या म्हणाल्या. "तुमचं कुलूपही आहे तसंच आहे."

जुनं यंत्र, जळालं असेल, असं मी स्वतःला बजावलं. गाडीची किल्ली उचलली आणि परत ठेवली. झोपलेल्या आईला उठवायची माझी कधी छाती झाली नव्हती. खुर्चीत बसून मी तो एक लाल ठिपका बघत राहिले. चहा आला, तसाच राहिला.

चारला फोन वाजला. "आई: उत्तर सुरू."

पाठोपाठ भावाचा फोन आला. "वीज तोडणारा माणूस उद्या येतोय. दुपारी अडीचला बोलावलंय, चालेल ना?"

"चारनंतर बोलव," मी म्हटलं. "दुपारची ती झोपते."